माझं घर आणि प्रभाआत्याची साक्ष

मी, नथनेल बाळू आढाव, वय सव्वीस, धंदा ठरलेला नाही (ट्रकवर क्लीनर, मध्ये श्रीपूरच्या साखर कारखान्यावर एक हंगाम, सध्या काहीच नाही), राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहितो. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. झडप बिघडली आहे, डोकं नाही. कुणी दारू पाजलेली नाही की धमकावलेलं नाही.

१. मोटारसायकल बिलाल ड्रायव्हरला. टेंभुर्णीच्या चौकात त्यानं मला ट्रकवर घेतलं आणि घरी कधी जाणार, हे एकदाही विचारलं नाही. गाडीचा क्लच त्यानंच बिघडवला आहे, त्यानंच नीट करावा.

२. पास्टरसाहेबांना काही नाही. माझ्या प्रेतावर उपदेश थोडक्यात आटपावा. घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राचा दाखला मला लावू नये. तो परत आला तेव्हा दारात बाप होता. माझ्या दारात आत्या होती.

३. घरी फळीवर चेनचं काळं बायबल-कव्हर आहे. आत बायबल नाही, कादंबरी आहे. चर्चमध्ये वाचता यावी म्हणून घातली होती. ती बिलालच्या बहिणीला, आफरीनला. आजच्या काळातली आहे, शवागारातल्या एका कामगाराची. ज्यानं त्याची बायको पळवली त्याचंच प्रेत त्याच्यापुढे येतं, आणि तो ते लेकरासारखं धुतो. येशूनं शिष्यांचे पाय धुतल्याचा अध्याय मी लहानपणापासून ऐकत होतो. समजला तो या कादंबरीत, माळशिरसजवळ ट्रक बंद पडला होता तेव्हा. (बिलालनं तिथं इतका ऊस खाल्ला की... ते असो.) मग मी बायबलमधलं शुभवर्तमान सोप्या मराठीत घेतलं, वचनांचे आकडे नसलेलं, मुखपृष्ठावर होडी. गोष्टीसारखं वाचलं, एका बैठकीत.

४. घर. दोन खोल्या, बाबांच्या मागे माझ्या नावावर. राहते त्यांची बहीण, प्रभाआत्या, चर्चच्या महिला सभेची पुढारी. दोन वर्षांपूर्वी मी घरी आलो तेव्हा तिनं माझी पिशवी उपसली. होडीचं पुस्तक मधेच उघडून एक ओळ वाचली.

"खादाड, दारुडा, हलक्या लोकांचा दोस्त! शी! असली घाण वाचतोस व्हय रं, बापाच्या घरात?"

फाडून आंघोळीच्या बंबात घातलं. काळं कव्हर मात्र न उघडता कपाळाला लावलं आणि फळीवर ठेवलं. त्याच पाण्यानं न्हाऊन चर्चला गेली आणि साक्ष दिली, की कादंबऱ्या जाळून मी घर शुद्ध केलं. बायकांनी आमेन म्हटलं. तेव्हापासून दर सभेत देते.

आत्या, ती ओळ येशूबद्दल आहे. लोक त्याला तसं म्हणायचे. तू शुभवर्तमान जाळलंस. मी गप्प राहिलो, कारण तुझी साक्ष दर सभेला वाढत होती, आणि मला ती पुरती वाढू द्यायची होती.

म्हणून घर प्रभाआत्यालाच, पण अट अशी: माझ्या मागे होणाऱ्या पहिल्या महिला सभेत तिनं उभं राहून हे कलम मोठ्यानं वाचावं. दुसरीला वाचायला देऊ नये. चष्मा विसरला म्हणू नये. वाचलं नाही तर घर बिलालचं, आणि आत्यानं महिन्याभरात खोल्या रिकाम्या कराव्या. तिला जायला दुसरी जागा नाही. हे मला ठाऊक आहे, लिहिताना विसरलेलो नाही.

५. साक्षीदार अंकिता सिस्टर वाचून काय म्हणाल्या तेही नोंदवतो, म्हणजे मला कुणी समजावलं नाही, असं मागाहून कुणी म्हणू नये.

"तुझी आत्या सकाळपासनं बाहेर बाकावर बसलीय. पोटात काय न्हाय. तुझ्यासाठी प्रार्थना करतीय. माफ कर की तिला. तुझ्या त्या दोन्ही पुस्तकांत तेच हाय ना?"

"व्हय, तेच हाय," मी म्हणालो. "तुमी हितं सही करा."

वरचं सगळं परत वाचलं. एक शब्द खोडलेला नाही.

सही: नथनेल बाळू आढाव

साक्षीदार:
१. अंकिता सिद्धलिंगप्पा म्हेत्रे, नर्स
२. सोमशेखर नागप्पा बिराजदार, शेजारच्या खाटेवरचे

सोलापूर, ९ सप्टेंबर २०२५