साहेब आत आहेत

ती. मामांस,

कंबर वाकेल तितका नमस्कार. (पूर्वी साष्टांग लिहीत असे. आता तसा घातला तर उठवायला माणूस बोलवावा लागेल, आणि जे जमत नाही ते लिहू नये.) मामींचा गुडघा कसा आहे? त्यांना सांगा, तेल चोळण्यापेक्षा जिने कमी करा. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायला पेन उचललं आणि पाच मिनिटं तसाच बसलो, कारण ते खरं आहे की नाही याची खात्री होईना. तेव्हा काय झालं ते सांगतो, ठरवा तुम्हीच.

आमच्या आमदारसाहेबांकडे स्वीय सहायक म्हणून मला एकोणीस वर्षं झाली. पहिल्या निवडणुकीत त्यांची अनामत जप्त झाली तेव्हा मी कॉलेजात होतो. दुसऱ्या वेळी ते एकशे बारा मतांनी आले आणि मग येतच राहिले. मधल्या काळात पक्ष तीन झाले. मी आल्यावरच्या दोन्ही पक्षांतरांची निवेदनं माझ्या हातची. (‘कार्यकर्त्यांच्या आग्रहास्तव’ हे शब्द दोन्हींत आहेत. तो आग्रह करणारा कार्यकर्ता मला अजून भेटायचा आहे.) लोक मात्र कधी चिडले नाहीत, कारण भेटीची पद्धत तीच राहिली: बाहेर बाकावर बसायचं, शिपाईकाकांकडून नंबराची चिठ्ठी घ्यायची, एकेकाने आत जायचं. दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दारातून येणारा उजेड त्यांना खुपू लागला. तेव्हापासून ते खुर्ची भिंतीकडे फिरवून, लोकांकडे पाठ करूनच बसत. खुर्चीची पाठ एवढी उंच, की दारातून फक्त एक कोपर दिसे. मला वाटलं, लोक रागावतील. झालं उलटंच. एक प्लंबर मला म्हणाला, "तोंडाकडे बघून जीभ अडखळायची हो. पाठीला सगळं सांगता येतं." साहेब अधूनमधून ‘हं’ म्हणत आणि शेवटी ‘बघतो’.

चार महिन्यांपूर्वी साहेब हृदयाच्या उपचारासाठी लेकीकडे गेले. निवडणूक तोंडावर, त्यामुळे बाहेर कळू द्यायचं नव्हतं. ‘साहेब कामात आहेत’ असं सांग, म्हणाले. ते खोटं झालं असतं, म्हणून मी ‘साहेब आज भेटणार नाहीत’ असं सांगत असे. तिसऱ्या दिवशी मी फोनवर असताना काकांनी सवयीने पहिला नंबर पुकारला आणि एक शिवणकाम करणाऱ्या बाई सरळ आत गेल्या. मी फोन हातात धरून उभा. आता किंचाळतील, मग किंचाळतील! बारा मिनिटांनी त्या डोळे पुसत बाहेर आल्या.

"आज किती ऐकून घेतलं साहेबांनी," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? बघतो म्हणाले."

मी आत गेलो. कोणी नव्हतं. खिडकीला कडी होती. खुर्चीचा डावा हात कोमट लागला. (तिथे ऊन येतं खरं, पण दुपारी तीननंतर. तेव्हा साडेदहा वाजले होते. घड्याळ दोनदा पाहून रोजनिशीत लिहिलं आहे.) आठवड्याभरात त्या बाईंच्या मुलीची बदली झाली. त्यासाठी शिफारसपत्र मी लिहिलेलं नव्हतं, आणि आमच्याकडे दुसरं कोणी लिहीत नाही.

लोकांना रिकाम्या खोलीत सोडणं मी तिथेच थांबवायला हवं होतं. का थांबवलं नाही, असं स्वतःला विचारलं तेव्हा आलेलं उत्तर फारसं बरं नव्हतं: एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बाकावरचे लोक जाताना माझ्यावर ओरडत नव्हते.

मग साहेब बरे होऊन परतले आणि खुर्चीत बसले. पहिल्याच दिवशी एक निवृत्त पोस्टमन तणतणत बाहेर आला. "आत कोणाला बसवलंय आज? साहेब कुठायत?" दुपारपर्यंत आणखी चौघांनी तेच विचारलं. दार पातळ आहे, आत सगळं ऐकू जातं. दुसऱ्या दिवशी साहेब थेट आत गेलेच नाहीत. बाकावर बसले, चिठ्ठी घेतली, नंबर सातवा.

काका गडबडले. "साहेब, तुम्ही कशाला थांबता?"

"मग काय रांग मोडू? लोक मत देतील का मला?"

त्यांचा नंबर आला, ते गेले, पंचवीस मिनिटांनी बाहेर आले. चेहरा असा निवांत मी त्यांचा निकालाच्या दिवशीसुद्धा पाहिलेला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "चांगला माणूस आहे रे," आणि घरी गेले. त्यानंतर त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही.

आता माझी अडचण. उमेदवारी अर्जाचा उद्या शेवटचा दिवस, मुदत तीनपर्यंत. तिकीट साहेबांनाच आहे, पण ते सही करायला तयार नाहीत. "निवडून येणार तो, मी कशाला सही करू? अर्ज आत ठेव." ठेवला. शेजारी पेन ठेवलं, बाहेर येऊन दाराची कडी हातात धरून उभा राहिलो. उघडलं तेव्हा सही झाली होती. साहेबांचीच, पण हात थरथरायला लागायच्या आधीची, शेवटचा फटकारा वर नेणारी. शाई ओली होती. अर्जाबरोबर मला लिहून द्यायचं आहे, की फोटोतल्या व्यक्तीने माझ्यासमोर सही केली. दिलं नाही तर अर्ज बाद होतो आणि साहेबांची तीस वर्षं, काकांची नोकरी, माझी नोकरी सगळं एका दुपारी संपतं. दिलं तर ते खोटं आहे. बावीस वर्षांच्या रोजनिशीत माझी एकच खोटी नोंद आहे (मामींनी विणलेल्या स्वेटरबद्दल, आणि ती दयेपोटी). तुम्ही कोर्टात कारकून होतात, न वाचलेला कागद कधी पुढे सरकवला नाहीत. काय करू ते सांगा.

तुमचा भाचा

ता. क. अर्जावरची फोटोची चौकट रिकामी होती. साहेब स्वतःचा फोटो देईनात. (‘माझा लावलास तर लोक ओळखायचे नाहीत.’) आज जेवून आलो तर चौकटीत फोटो चिकटवलेला. मामा, फोटो तुमचा आहे. गेल्या महिन्यात पेन्शनच्या कामाला आला होतात तेव्हा दोन दिले होतेत. मी फाइल पाहिली, दोन्ही जागेवर आहेत. हा तिसरा आहे आणि यात तुम्ही हसता आहात.

ता. क. २. रागावणार नसाल तर विनंती अशी: उद्या दोनला इस्त्रीचा शर्ट घालून या आणि माझ्यासमोर ती सही एकदा गिरवा. मग फोटोतल्या व्यक्तीने माझ्यासमोर सही केली हे अक्षरशः खरं होईल. नाव साहेबांचं आहे, पण नावाबद्दल त्या प्रतिज्ञेत काही विचारलेलं नाही. तीन वेळा वाचली.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आतली घंटी वाजली. काका गेले आणि परत येऊन म्हणाले, "तुमचे मामा कधी आले? बिनसाखरेचा चहा मागताहेत." मी आत गेलेलो नाही. चहा गेला, कप रिकामा होऊन बाहेर आला. पत्र आणणाऱ्या माणसाजवळ एका ओळीचं उत्तर द्या: तुम्ही घरी आहात का? असाल तर उद्या दोनला नक्की या. नसाल, तर आत तुम्हीच आहात; तिथेच माझ्यासमोर गिरवून घेतो, मग प्रतिज्ञेवर सही करायला मला काहीच अडचण नाही.