आत्याबाईंच्या हाताचं माप

मंगळवार, विटा

आज नव्या स्वयंपाकघराचं माप झालं. वरची कपाटं किती उंचीवर घ्यायची म्हणून सुतारानं विचारलं, "घरात बुटकं कोण?" मी सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, हाक मारली. त्या भिंतीशी उभ्या राहिल्या, हात वर केला. बोटं टेकली तिथं त्यानं पेन्सिलीची खूण केली.

मी लग्न होऊन आले तेव्हा वर्षाच्या चटणीची, कालवणात घालायच्या तिखट मसाल्याची, बरणी त्या कुलपात ठेवायच्या. रोज सकाळी एक चमचा काढून द्यायच्या, आणि कालवण फिक्कं झालं की सगळ्यांसमोर मलाच बोलायच्या. बारा वर्षं.

त्या बाहेर गेल्यावर सुताराला म्हटलं, "खुणेच्या वर वीतभर घ्या. माझा हात पुरतोय." बरणी वरच्या कपाटात जाणार, हेही तेव्हाच ठरलं. वाईट वाटायला हवं होतं का? थोडा वेळ वाट बघितली. नाही वाटलं.

संध्याकाळी त्या शेजारणीला सांगत होत्या, "सुनेनं माझ्या हाताचं माप घ्याय लावलं बघ. लय जीव हाय तिचा माझ्यावर."

मी आतच होते. खूण पुसायला फडकं घेतलं होतं, ते ठेवून दिलं. कपाटाखाली ती रोज दिसू दे त्यांना.