द्रौपदाबाईंचा आवाज घंटागाडीवर पुन्हा लावणेबाबत

दिनांक : १६ एप्रिल २०२५

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी साहेब,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे वाघोदरी,
ता. यावल, जि. जळगाव

विषय : धूरमुक्त चूल जनजागृतीचा, कै. द्रौपदाबाई वाल्मीक तायडे यांच्या आवाजातील संदेश घंटागाडीवरून पूर्ववत ऐकविण्यात यावा.

संदर्भ : याच अर्जदाराचा, तोच संदेश बंद करणेबाबतचा दि. २० जानेवारी २०२५ चा अर्ज.

महोदय,

अर्जदार वाल्मीक सुकदेव तायडे, वय ५८, शिक्षण सातवी, धंदा केळीबागेत मजुरी, राहणार विहार गल्ली, आपल्या सेवेशी पुढील हकीकत जशी घडली तशी मांडीत आहे. अर्जदाराचे अक्षर बरे असले तरी काही उणे राहिल्यास पोटात घालावे.

१. गतवर्षी नोव्हेंबर महिन्यात जळगाव येथील एका संस्थेने चुलीच्या धुराविषयी आपल्या गावात प्रचारकार्य हाती घेतले होते. प्रथम त्यांनी चावडीवर मोठे चित्र लावले. ते माणसाच्या फुप्फुसाचे होते. परंतु त्यावरील काळे डाग पाहून गावकऱ्यांनी ती केळीवरील करपा रोगाची जाहिरात समजली, व दोघा-तिघांनी औषधाचे नावही विचारले. तदनंतर संस्थेच्या हेमलताताई, ज्या मूळ धुळ्याकडील आहेत, त्या घरोघर फिरल्या. अर्जदाराची पत्नी द्रौपदाबाई हिचे माहेर शिरपूरकडील असल्याने तिची बोली अहिराणी. त्या बोलीवरून गल्लीतील बाया तिला तीस वर्षे हसत आल्या होत्या. हेमलताताई मात्र तिच्याशी तिच्याच बोलीत बोलल्या, आणि द्रौपदाबाईने मोबाईलमध्ये बोलण्यास होकार दिला. त्या वेळी अर्जदार केळीची कटाई करण्यास गेलेला होता, ही बाब पुढील मजकुरासाठी ध्यानात घ्यावी.

२. संदेश एकवीस सेकंदांचा आहे. त्यात ती म्हणते, "माय वं, मनं नाव द्रौपदा. मी अठरा वरीस ठिबकनी नळी बाळीसन चुल्हा पेटाडा. आते मना दम पुरस नही. तुम्ही बाळू नका." तिच्या बोलीत बाळणे म्हणजे जाळणे. यात असत्य काही नाही. शेतातील ठिबक सिंचनाची जुनी प्लास्टिकची नळी वीतभर तोडून काडी लावली की लगेच पेट घेते व कपाशीच्या काड्या धरतात. गल्लीत सर्वत्र तीच रीत होती. घरी गॅस आहे, परंतु तो पाहुण्यांकरिता राखलेला असे. नळीचे तुकडे शेतातून घरी आणण्याचे काम अठरा वर्षे अर्जदाराकडे होते.

३. घंटागाडीचे चालक गिरधर हे गल्लीच्या तोंडाशी तो संदेश रोज सकाळी एकदा लावीत, व पुढे नुसती घंटा वाजे. हळूहळू गल्लीतील चुलींचा काळा धूर बंद झाला. अर्जदार पहाटेच कामावर जात असल्याने त्याने तो संदेश तोवर ऐकलेला नव्हता.

४. दि. ९ जानेवारी रोजी द्रौपदाबाईचे दम्याने निधन झाले. चूल कशावर पेटते, असे दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले होते. अर्जदाराने खरे ते सांगितले.

५. जलदान विधीपर्यंत व त्यानंतर काही दिवस अर्जदार घरीच होता. तेव्हा रोज सात वाजून दहा मिनिटांनी द्रौपदाबाई गल्लीत बोलू लागे. गाडी चालती असल्याने अर्जदाराच्या दारापुढे येताच नेमके "मना दम पुरस नही" हे वाक्य येई. ते कानी पडताच अर्जदार दार लावून मागच्या न्हाणीत जाऊन नळ सोडून बसे. असे आठ दिवस झाले. नवव्या दिवशी अर्जदाराने संदर्भातील अर्ज दिला. आपण तत्परतेने कार्यवाही केली व दि. १ फेब्रुवारीपासून दुसरा संदेश सुरू झाला. त्याबद्दल अर्जदार आपला आभारी होता.

६. दुसरा संदेश शुद्ध भाषेत असून त्यातील बाई टीव्हीवरील असावी. तिचे शब्द चांगले आहेत. तिचे कोणी ऐकत नाही.

७. मागील महिन्यात अर्जदाराच्या स्वतःच्या घरात काळा धूर झाला. सून सपना हिने नळीचा तुकडा पेटविला होता. अर्जदाराची आठ महिन्यांची नात त्या वेळी चुलीजवळ झोळीत होती. अर्जदार बोलला असता सून म्हणाली, "आबा, आता सकाळी कोणी सांगत नाही तं ध्यानातच राह्यत नाही. रागवू नका." अर्जदार रागावला नाही. तुकडा त्यानेच पूर्वी आणून माळ्यावर ठेवलेला होता. त्या दिवसापासून नात खोकते. तिचा खोकला बारीक आहे, परंतु अर्जदारास तो ओळखीचा वाटतो.

८. अर्जदाराने माळा रिकामा केला. परंतु गल्लीत अकरा चुली असून धूर दार पाहून शिरत नाही. म्हणून अर्जदाराने गिरधर यांच्या परवानगीने दोन दिवस गाडीत बसून कर्ण्यावरून स्वतः भाषण केले. पहिल्या दिवशी, नळाचे पाणी बंद राहणार अशी सूचना असावी असे समजून बायांनी हंडे-कळशा भरून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी निवडणूक लागली काय, अशी विचारणा झाली. तिसऱ्या दिवशी अर्जदार गाडीत बसला नाही.

९. त्याच सायंकाळी शेजारच्या दगडीबाई अर्जदारास ओट्यावर म्हणाल्या, "वाल्मीकभाऊ, आक्काचा आवाज कायले बंद केला तुम्ही? आमच्या दारी आली की ते रोज च्या प्यायले सांगे." अर्जदारास उमगले नाही. तेव्हा त्यांनी द्रौपदाबाईची नक्कल करून दाखविली. बोलणे संपल्यावर मोबाईल चालूच राहिलेला होता, व त्यात शेवटी ती हेमलताताईंस म्हणते, "झायं का वं ताई? बस मंग. च्या पिसन जाय." दगडीबाई म्हणाल्या, "आम्ही सगळ्या तेच ऐकाले थांबू. हासता हासता नळी हातातून खाली ठेवू. तुमच्या घरापुढूनच तं जाये ते, तुम्ही कसं नाही ऐकलं?"

१०. अर्जदाराने ऐकले नाही, कारण त्या वेळी तो न्हाणीत असे. आपल्या पत्नीचे शेवटचे वाक्य दम पुरत नाही हे आहे, असे समजून त्याने ते बंद करविले. ते शेवटचे नव्हते. ते पुढे दोन दारे जाऊन पूर्ण होत होते, व गल्लीतील इतर सर्वांना पाठ होते.

११. अर्जदार दुसरे दिवशी गिरधर यांस भेटला. द्रौपदाबाईचा संदेश असलेला पेनड्राइव्ह त्यांनी फेकलेला नाही. तो कापडात गुंडाळून गाडीच्या आरशाला बांधलेला आहे. परंतु ते म्हणाले, "आबा, मले काय, मी आत्ता लावतो. पण सायबाचा कागद पाहिजे. तुमच्याच कागदानं बंद झालं ना ते." त्यांचे म्हणणे रास्त आहे. अर्जदाराने आपल्या हाताने कागद देऊन बंद केलेले आता कागद देऊनच उघडणे भाग आहे.

तरी अर्जदाराच्या मागण्या अशा :

अ) दि. २० जानेवारीचा अर्ज अर्जदार परत घेत आहे, तो रद्द समजावा.

ब) संदेश आहे तसा लावावा. शेवटचे वाक्य कामाचे नाही म्हणून कोणी कापू नये. कामाचे तेच आहे.

क) गाडी अर्जदाराच्या दारापुढे एकवीस सेकंद उभी करून तेथेच संदेश सुरू करावा. गिरधर यांची तयारी आहे. गल्लीतील कोणाचीही हरकत नाही, अशी दहा घरांची संमती सोबत आहे.

ड) नातीला बोलणे समजू लागेपर्यंत तरी तो बंद करू नये.

अर्जदार हमी देतो की यापुढे गाडीच्या वेळी तो दार लावणार नाही. मधले वाक्य येईल तेव्हाही उभा राहील. त्यानंतर गिरधर यांस व थांबतील त्यांना चहा दिला जाईल. तो अर्जदार स्वतः करील, गॅसवर.

आपल्या एका सहीची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
वाल्मीक सुकदेव तायडे
विहार गल्ली, वाघोदरी

सोबत जोडले आहे :
१) दि. २० जानेवारीच्या अर्जाची प्रत, पोचसह.
२) दहा घरांच्या सह्या व अंगठे.
३) ठिबक नळीचा तुकडा एक, वीतभर, एका बाजूने जळालेला. अर्जदाराच्याच चुलीतील. हा परत नको.