साडेचारच्या मालिकेखालची अक्षरं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

१. आईची मालिका साडेचारला लागते. त्या वेळी आई हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर असते. रोजचा भाग डिस्कवर घेऊन ठेवायचा, रविवारी ती सगळे एकदम बघेल, असं ठरलं.
२. केबलचा बॉक्स तीन तारांनी रेकॉर्डरला जोडला. पिवळी चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. काल तपासून बघितलं. दोन्ही स्वच्छ.
३. सकाळी कामावर निघताना बॉक्स त्या चॅनलवर ठेवला, रेकॉर्डरला वेळ लावली.
४. संध्याकाळी डिस्क लावली. अर्धा तास नुसता काळोख.
५. बॉक्स बंद होता. मी तो चालू ठेवून गेले होते.

रेकॉर्डरची चूक नाही. बॉक्स जे दाखवेल ते तो घेतो. आज काही दाखवलंच नाही, तर त्याने काळोख इमानेइतबारे उतरवून घेतला.

वहिनी दिवसभर घरीच शिलाई करते. तिला विचारलं. "आम्ही दुपारी टीव्ही लावतच नाही गं! मला कुठला वेळ?" बाबा कारखान्यात क्रेन चालवतात, पहिल्या पाळीवरून तीनला येतात, जेवतात, झोपतात. दादा त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये, तो सहाच्या आधी घर बघत नाही. म्हणजे बॉक्स कोणीच बंद केला नाही. बरं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

माहितीपुस्तिका वाचली. चार तास कोणी बटण दाबलं नाही तर बॉक्स आपोआप झोपतो. हेच असणार! ती सोय बंद करून टाकली. वहिनीवर उगाच संशय घेतला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

उगाच नव्हता.

आज चित्र आलं. पण आवाज फाटलेला, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. आणि खाली काळी पट्टी, तिच्यात पांढरी अक्षरं. पात्र जे बोलेल ते लिहून येतं. "दार आपटल्याचा आवाज" हेसुद्धा लिहून येतं.

आवाजाचं कारण सापडलं. टीव्हीचा आवाज वेगळा, बॉक्सचा वेगळा. रेकॉर्डरकडे जातो तो बॉक्सचा. कोणीतरी बॉक्सचा आवाज टोकापर्यंत चढवला होता.

अक्षरांचं कारण सापडत नाही. मेनू, मग सेटिंग, मग भाषा, मग अक्षरं चालू, मग आकार मोठा. रिमोटवर उशी पडून हे होत नाही. कोणीतरी समजून-उमजून केलं आहे, आणि कोणीच कबूल होत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

आईने भाग बघायला घेतले. "हे काय गं खाली? सुनेच्या बांगड्या दिसेनात मला!" बाबा शेजारी येऊन बसले. शेवटपर्यंत बसले. मालिकांना ते "बायकांची कोर्टं" म्हणतात, दोन मिनिटं टिकत नाहीत.

मी अक्षरांबद्दल परत विषय काढला तर आई म्हणाली, "राहू दे की. काय बिघडतं?"

पाच मिनिटांपूर्वी बांगड्या दिसत नव्हत्या. आता काय बिघडतं!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

अर्धा दिवस रजा घेऊन केबलवाल्याला बोलावलं. त्याने बॉक्स उलटा केला, फुंकर मारली, परत सुलटा केला. "ताई, बॉक्स ठणठणीत आहे. त्याला स्वतःहून वाचनाची गोडी लागत नाही. घरात बोटं किती आहेत ती मोजा."

आतल्या खोलीत शिलाईचं मशीन थांबलं होतं. तो गेल्यावर सुरू झालं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज रेकॉर्डर साडेचारऐवजी तीनला सुरू होईल असा लावला. कोणाला सांगितलं नाही. रेकॉर्डरवरचा लाल दिवा दिसू नये म्हणून त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. घरातल्यांना असं पकडणं बरं नाही. पण खोटं बोलणं तरी कुठे बरं आहे?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कालची डिस्क बघितली.

सुरुवातीला मालिकेचा चॅनल. थोड्या वेळाने तो बदलतो. बातम्या. आवाजाची हिरवी पट्टी येते आणि चढत जाते. थांबते. परत चढते. टोकाला भिडते. तिथेही कोणीतरी बटण दाबतच राहिलं आहे, कारण पट्टी जात नाही, लुकलुकत राहते. मग चित्र तसंच. मग मेनू उघडतो, आणि आता हात वेगळा. पहिला हात रेंगाळत होता. हा सरसर जातो, एकही पायरी चुकत नाही. अक्षरं चालू. आकार मोठा. बातम्या तासभर.

मालिकेच्या जरा आधी तोच चपळ हात परत येतो. अक्षरं बंद, आवाज खाली, चॅनल जागेवर. माझ्या रेकॉर्डिंगची सगळी काळजी घेतली आहे! गेल्या शुक्रवारी तेवढं राहून गेलं असणार, आणि पहिल्या मंगळवारी सवयीने बॉक्सच बंद केला असणार.

दोन हात. एक वहिनीचा. तिला माझ्या माघारी कोण भेटायला येतं?

शनिवार, १५ फेब्रुवारी

वहिनीला डिस्क दाखवली. ती कापड बेतत होती. हिरवी पट्टी चढायला लागली तशी तिने कात्री खाली ठेवली.

"कोण येतं दुपारी?" मी विचारलं.

"कोण येणार? काय बोलतेस तू!"

"मग दुसरा हात कोणाचा?"

ती पडद्याकडे वळली. मग म्हणाली, "किती दिवस बघते आहेस तू आम्हाला?"

आम्हाला, म्हणाली. एवढं बोलून कापड गुंडाळलं आणि उठली. दुपारी तीननंतर या घरात तिच्याशिवाय एकच माणूस असतो, आणि तो झोपलेला असतो, असं मला सांगितलं गेलं आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

माझं कामच हे. गेज, काटे, मीटर तपासायचे, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा, चुकेल तो बाजूला काढायचा. म्हणून आज बाबांना तपासलं. लिहायलाही बरं वाटत नाही.

ते पेपर वाचत होते. मी मागे उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, तुमचा चष्मा फुटला." त्यांनी पान उलटलं. समोर येऊन त्याहून हळू म्हटलं, "बाबा, चहा ठेवू?" "अर्धा कप." नजर माझ्या ओठांवर.

दारावर थाप मारली, वळून बघितलं. दाराची बेल वाजवली, नाही. ओव्हनची टिकटिक, नाही. बारीक, उंच आवाज सगळे गेले आहेत. जाड आवाज आहेत. इतकी वर्षं लोखंडाच्या खणखणाटात बसलेल्या माणसाचं नेमकं असंच होतं.

बेल ऐकू येत नाही. आणि क्रेनखालचा माणूस "थांबा" सांगतो तो शिट्टी मारून.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दादाला गच्चीवर गाठलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"कधीपासून?"

"झाली दोन-अडीच वर्षं."

"आणि कारखान्यातली कानांची तपासणी?"

दादा हसला! "तपासणारी बाई कानात आवाज सोडायचं बटण दाबताना मान जराशी हलवते. बाबा काचेतून तिच्याकडे बघतात आणि ऐकू आल्यासारखं बोट वर करतात. दरवर्षी पहिल्या नंबराने पास!"

"आईला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मला सोडून."

"तुला सांगायचं? तू माणसालाही काटा समजतेस. जरा इकडेतिकडे झाला की बाजूला काढला. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर उभी असतीस! बाबांना निवृत्तीला थोडंच राहिलं आहे. क्रेन काढून घेतली तर ते घरात बसून काय करतील, सांग?"

 फाटकावर मी उभी राहिले असते, हे खरं आहे.

इतके दिवस मी या घरावर पाळत ठेवत होते. घर दोन-अडीच वर्षं माझ्यावर ठेवत होतं.

मग विचारलं, "शिट्टीचं काय?"

"त्याची सोय झाली. येत्या सोमवारपासून खाली मी. स्टोअरमधून शेडवर. मी शिट्टी नाही मारणार, टॉर्च दाखवीन. बापलेकांचं जमतं बरोबर."

"आधीचा माणूस?"

"लंबू? त्याने बदली मागून घेतली."

"का?"

"तू ना, सोड आता!"

मंगळवार, १८ फेब्रुवारी

वहिनीने दादाच्या शर्टांना नवी बटणं लावली. "शेडवर बढती मिळाली ना!" तिला बढती सांगितली आहे. 

बुधवार, १९ फेब्रुवारी

लंबू दोन गल्ल्या सोडून राहतो. खरंच लंबू आहे, दारातून वाकून बाहेर आला. डावा हात झोळीत.

"ताई, तुमच्या बाबांविरुद्ध मी तोंड उघडणार नाही. त्यांनी मला काम शिकवलं आहे. मी लिहून दिलंय, पाय घसरून पडलो."

"मी कोणाकडून आलेली नाही. माझ्यासाठी विचारते आहे."

त्याने चांगल्या हाताने दार ओढून घेतलं. "सळ्यांचा गठ्ठा खाली येत होता. मी शिट्टी मारली. परत मारली. गाल फुटेस्तोवर मारली! गठ्ठा आपला येतोच आहे. उडी मारली म्हणून आज तुमच्याशी बोलतोय."

"माझा भाऊ टॉर्च दाखवणार आहे."

लंबूने माझ्याकडे बघितलं ते वेड्या माणसाकडे बघावं तसं. "गठ्ठा डोक्यावर आला की वरच्या माणसाला खालचा दिसतो का, ताई? मध्ये लोखंड असतं. टॉर्च दिसत नाही म्हणून तर शिट्टी ठेवली आहे!"

बुधवार, संध्याकाळ

दादाला सांगितलं. म्हणाला, "लंबू भित्रा आहे पहिल्यापासून." आईला सांगितलं. आई भाजी चिरत होती, चिरतच राहिली. मग म्हणाली, "तू त्यांच्याशीच बोल. मला नाही जमणार."

गुरुवार, २० फेब्रुवारी

बाबांशी बोलले. समोर बसून, हळू, स्पष्ट. "लंबूचा हात" इथपर्यंत आले आणि त्यांनी मान खिडकीकडे फिरवली. बघितलं नाही की ऐकू येत नाही, हे त्यांना छान साधलं आहे. मी उठून खिडकीपाशी गेले, तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

 

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बाबा,

हे पान वहीतून फाडून तुमच्या चष्म्याखाली ठेवते आहे. मागची पानं माझी आहेत, ती देणार नाही.

सोमवारी लंबूच्या जागी दादा उभा राहणार. गठ्ठा मध्ये आला की टॉर्च वरून दिसत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आत कारखान्याच्या डॉक्टरकडे तुम्ही स्वतः जाऊन कानांचं सांगा. मी रजा टाकली आहे, बरोबर येते. तिथे मी तुमच्या समोर बसेन. डॉक्टर काय म्हणतात ते माझ्या तोंडाकडे बघून घ्या.

तुम्ही गेला नाहीत तर मी एकटी जाईन.

हो की नाही, एवढंच खाली लिहा. रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.