काळी पिल्लं

१४ एप्रिल

थोरलीने, आमच्या सगळ्यात जुन्या मासोळीने, अंडी घातली! टाकीतल्या दोऱ्या अंड्यांनी भरून गेल्यात. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, बघता आलं नाही. कालच त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं — तीन आठवडे पट्टी आणि पालथं पडून राहायचं. दुसरा डोळा तर कधीचाच गेलाय. उशीत तोंड घालूनच म्हणाले, "शेवटची अंडी आहेत तिची. सांभाळ."

दोन वर्षांत मी फक्त लाल-पांढऱ्या कोई माशांचं काम केलंय. काळ्या-लाल-पांढऱ्यांची ही जात बाबांनी तीस वर्षं खपून तयार केली. तिला ते कुणाला हात लावू देत नाहीत. पोटच्या मुलालासुद्धा नाही! नवरा बिचारा मासे पोचवायची गाडी तेवढी चालवतो.

१८ एप्रिल

पिल्लं बाहेर आली. हजारो! पापणीच्या केसाएवढी. दर तासाला जाऊन बघते. सासूबाई म्हणतात, "तू टक लावून बसलीस म्हणून लवकर मोठी नाही होणार ती."

२३ एप्रिल

पहिली निवड केली. बाबा म्हणाले, "आज काळी आणि फिकट वेगळी कर. एक ठेव, एक टाक." कुठली टाकायची ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही — एवढंही कळत नाही का हिला, असं वाटलं असतं त्यांना. आणि कळत होतंच की! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनीच सांगितलं होतं. हे मासे मूळचे काळेच. लोक शेताच्या पाण्यात खायला पाळायचे. त्यात कधीतरी एखादा लाल निघाला, कुणीतरी तो खाल्ला नाही, वेगळा ठेवला, वाढवला. तिथून हे सगळे रंग. "पण तो जुना काळा यांच्या पोटात दडून असतो. वर आला की काढून टाकायचा." लाल-पांढऱ्यांत मी तेच करत आलेय.

पांढरा वाडगा, चमचा, सहा तास. मान आखडून गेली. काळी सगळी मागच्या तळ्यात सोडली. तिथले मोठे मासे तुटून पडले.

२६ एप्रिल

अक्षर नीट येत नाहीये.

दुपारी औषधाची बाटली घेऊन बाबांच्या खोलीत गेले. ते खुशीत होते. "काळी पोरं काय म्हणतायत माझी? फिकट टाकलीस ना सगळी? त्यांच्यात पुढे काही उतरत नाही. या जातीत काळ्यातूनच लाल-पांढरं उघडतं."

बाटली हातातून सुटली. "काय पडलं गं?"

"काही नाही बाबा. छान आहेत पोरं." — निघून गेलं तोंडातून!

तळ्यावर धावले. बारीक जाळीने तासभर पाणी चाळलं. एक नाही. एकसुद्धा नाही.

२७ एप्रिल

थोरली गेली. सकाळी पाण्यावर आडवी झाली होती. सासूबाईंनी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. तिची पोरं आहेत ना."

३० एप्रिल

घास गिळवत नाही. सासूबाईंना वाटतंय दिवस गेलेत! आज चारदा माझ्याकडे बघून गालात हसल्या. त्यांचीही निराशाच व्हायची आहे.

शेवटी नवऱ्याला सांगितलं. पांढराफटक पडला. "आत्ता बोलू नकोस. धसका घेतील. आहे तो डोळाही जायचा." मग हळूच विचारलं, "सगळी?"

सगळी.

२ मे

ते रोज विचारतात, मी रोज खोटं बोलते. आज तर वर मीठमसाला लावला — एकाच्या कपाळावर लाल येतंय असं सांगितलं! "इतक्यात?" म्हणाले बाबा. मी गारच पडले. मग त्यांनीच विषय बदलला.

मला भीती वाटते. ओरडतील त्याची नाही. ओरडणार नाहीत, त्याची.

४ मे

उद्या पट्टी निघणार. तीनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. तोंडाने सांगणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून आज उरलेली फिकट पिल्लंही काढली, लाल-पांढऱ्यांच्या टाकीत सोडली. बाबांची टाकी आता रिकामी आहे. आल्या आल्या बघतील, विचारतील, मग सांगावंच लागेल.

५ मे

पट्टी निघाली. डॉक्टरांनी आत एकट्यांनाच तपासलं. बाहेर येऊन बाबा म्हणाले, "स्वच्छ दिसतंय." घरी पोचल्यावर माझा हात धरून थेट टाकीपाशी. कितीतरी वेळ वाकून पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वा! काळा काय सुरेख धरलाय पोरांनी!"

लांब दारात उभ्या सासूबाईंनी हसत पदराने डोळे पुसले. टाकीत एकही मासा नव्हता. बाबांचा एक हात माझ्या हातात होता, दुसरा टाकीचा काठ चाचपत होता.

मी म्हणाले, "हो बाबा."