नव्वद अंशांची खोली

सिंदेवाही, १० एप्रिल १९५५, रविवार

फार्मवर सावलीत पारा १०६ फॅरनहाइट. ओसरीत १०१. निजायच्या खोलीत ९९. आणि गाण्याच्या खोलीत — ८९! दोनदा चष्मा पुसून पाहिलं. एकोणनव्वदच.

ही पूर्वी धानाची कोठी होती. हातभर जाड मातीची भिंत, खिडकी नाही, दार वाकून जावं लागेल एवढंच. मी आतून चुना दिला, छपराच्या कवेलूंखाली तणसाचा जाड थर घातला, दाराला वाळ्याचा पडदा लावला. दोन महिने हात खराब करून घेतले, पण पाऱ्याने ऐकलं! धानाच्या फार्मवर रोज दोनदा तापमान टिपण्याची माझी नोकरी. पाऱ्याला मी ओळखतो. फुकट कुणाचं ऐकणारा नाही तो.

आता २४ मेपर्यंत असंच राखायचं. नव्वदच्या आत. त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध तृतीया, दादाचं वर्षश्राद्ध. वहिनीने सांगून ठेवलंय — "वर्स होऊ द्या, मंग ऐकन त्यायचा आवाज." तोवर दादाची रेकार्ड वाकता कामा नये.

१३ एप्रिल

ग्रामोफोनच्या पेटीतलं इंग्रजी माहितीपत्रक पुन्हा वाचलं. ऐकण्याची खोली पासष्ट ते सत्तर अंश असावी म्हणे! मोठ्याने हसलो. आमच्याकडे पासष्ट हवे असतील तर पौषात भल्या पहाटे विहिरीच्या काठावर ग्रामोफोन मांडावा लागेल.

मग मात्र विचार करत बसलो. विलायतेत माझ्यासारखाच कुणी खुळा असेल. त्याची खोली पासष्टला चढत नसेल, म्हणून तो शेगडी पेटवत असेल. बर्फाच्या मुलखात कुणाला रेकार्ड तडकण्याची धास्ती, अरबस्तानात कुणाला वाळूची. जो तो आपल्या हवेशी भांडून एका आवाजापुरती जागा मिळवतो. एवढ्या मोठ्या जगात अशा किती कोठ्या असतील!

हे सगळं मनकर्णेला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, "त्यायच्या बायका कुठी बसतात मंग?"

बायकोच्या डोक्यात काय येईल, नेम नाही.

१७ एप्रिल, रविवार

रविवार म्हणजे दादाचा दिवस. आठवड्यातून एकदाच लावतो. लोखंडी सुई नको, बाभळीचा काटा तासून लावतो. बाकीच्या काळ्या रेकार्डी लाखेच्या, आपल्याच रानात होते ती लाख. थोडंफार सोसतात. दादाची रेकार्ड पुठ्ठ्यावरच्या मऊ लेपाची, नागपूरच्या एका दुकानात कोरून घेतलेली. "एकच निघते, जपा. उन्हात ठेवाल तर पापड होईल," असं दुकानदार म्हणाला होता.

पत्रूदादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. चौथीतून उठला आणि नांगर धरला, म्हणून मी मॅट्रिक झालो. दंडारीच्या खेळात गायला उभा राहिला की चार गावचे लोक यायचे. हा आवाज वाया जाऊ नये हा हट्ट माझा. त्याचा नव्हे. मागच्या जूनच्या पहिल्या तारखेला मीच त्याला नागपूरला नेलं. गाताना मधेच त्याला खोकला आला, तोही रेकार्डीत उतरला आहे.

इथे लिहायला काय हरकत आहे! परतताना छोट्या लाईनच्या गाडीत लोखंडी डबा तव्यासारखा तापलेला. दादाने ओला दुपट्टा डोक्याला बांधला होता. मी म्हणालो, "दादा, दुपट्टा दे. रेकार्ड तापून राह्यली." त्याने हसत सोडून दिला. मी रेकार्ड त्यात गुंडाळली. स्टेशन आलं की उतरून दुपट्टा भिजवून आणत होतो — रेकार्डसाठी! दादा उघड्या डोक्याने खिडकीशी. सिंदेवाहीला उतरला तेव्हा त्याच्या अंगाला हात लावता येईना. तिसऱ्या दिवशी गेला.

वहिनीला एवढंच माहीत — ऊन लागलं. दुपट्टा मी धुऊन, घडी घालून तिच्या हवाली केला. बोललो नाही.

दादाशी मात्र बोलतो. गाणं संपलं की दर रविवारी त्याला तेच सांगतो, मोठ्याने. कधी रडतो. दार लावलं की या भिंतीतून काही बाहेर जात नाही. जाड भिंतीचा हा दुसरा फायदा.

२० एप्रिल

मनकर्णा म्हणाली, "मीही बसू काय आतमंदी? लय गार लागते म्हन्ता."

म्हटलं, मोजून पाहू. तिला स्टुलावर बसवलं, दार लावलं, घड्याळ धरून अर्धा तास. ८९ चे साडेनव्वद! माणसाच्या अंगाची ऊब लहान खोलीत फार होते. तिला आकडा दाखवला.

"मी म्हन्जे चूल आहो का?" म्हणाली, आणि पदर सावरून निघून गेली.

राग आला असेल. पण आकडा आकडा असतो. महिनाभराचा तर प्रश्न आहे.

२७ एप्रिल

फार्म १०९. खोली ८९.

१ मे, रविवार

फार्म १११. खोली साडेएकोणनव्वद! बाहेर कितीही पेटू दे, आत पारा बसला आहे तो बसलाच आहे. फार्मच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बियाण्याला द्या हो अशी खोली." बियाणं दरसाल येतं, साहेब.

मनकर्णेच्या तळहातांना दोराचे घट्टे पडलेत. विहीर खोल गेली आहे. तिला म्हटलं, पाणी जरा जपून वापरत जा. तिने दोर उचलला आणि विहिरीकडे गेली.

८ मे, रविवार

मनकर्णा माहेरी गेली. तिच्या भावाच्या मुलीचं लग्न आहे. दहा दिवस. निघताना मी फार्मच्या वहीत डोकं घालून बसलो होतो. ती म्हणाली, "आयका ना, ते मांगची भीत —" मी म्हटलं, हो हो, मागचं दार लावून घेतो, तू नीघ, गाडी चुकेल.

आता ओसरीत बसून गूळ-पोहे खातोय. घर शांत. खोली ९०.

१० मे

९२. हे काय?

१२ मे

९५!! पडदा रोज भिजवतोय. दार उघडतसुद्धा नाही. फार्मवर ११२, म्हणजे फार वाढ नाही. वानरांनी कवेलू सरकवले असणार. भर दुपारी शिडी लावून चढलो. एक कवेलू हललेला नाही. उतरताना पायाला फोड आला.

१४ मे

९८. निजायच्या खोलीएवढं होत आलं. काहीच कळत नाही. दादाची रेकार्ड दोन पाट्यांच्या मधे दाबून ठेवली आहे. उघडून पाहण्याचं धैर्य नाही.

१५ मे, रविवार

आज दादाला लावलं नाही.

संध्याकाळी मागच्या बाडीतला लटारू कुंपणावरून बोलला, "बाबूजी, बाई गावाले गेल्या काजी? भीत कोरडी दिसून राह्यली."

"कोणती भीत?"

"तुमच्या गाण्याच्या खोलीची. रोज दोन्ही टाइम वलं करत ना त्या. उन्हाळा लागला तवापासून."

मागे गेलो. या घरात सहा वर्षं झाली, त्या अंगाला मी कधी गेलोच नव्हतो! कोठीच्या भिंतीवर वरून खाली चार तरटं टांगलेली, खुंट्यांना नीट बांधलेली. वाळून ताठ झालेली. खाली वाळूचा पट्टा, त्यात पाणी मुरायला नाली. हे सगळं तिने एकटीने केलं, आणि मी वहीत लिहिलं — "पाऱ्याने ऐकलं"!

तरटांच्या शेवटी वळचणीखाली एक पाट मांडलेला. पाटाच्या वर भिंतीचं सारवण एका जागी गुळगुळीत झालं आहे, डोक्याच्या तेलाचा डागही आहे. तिथे कुणीतरी रोज टेकून बसत होतं.

कुणीतरी काय! लिहायलाही लाज वाटते.

१६ मे

सुट्टी टाकली. सकाळी नऊ पितळी गुंड पाणी ओढून तरटांवर ओतलं, संध्याकाळी सात. विहीर चाळीस हात खोल, दोर हात जाळत जातो. रात्री खोली ९५. एवढ्यासाठी सोळा गुंड पाणी! ती हे करून वर स्वयंपाक करायची, आणि मी तिला पाणी जपायला सांगितलं.

माझ्या वहीतले मार्चपासूनचे सगळे आकडे तिचे आहेत. माझा एकच — ९८.

१८ मे

मनकर्णा परतली. तिच्यासमोरच पाट्या उचलल्या. रेकार्ड वाकली आहे. एक कड बोटभर वर, दुसरी खाली. तिच्यावरून दोन लाटा गेल्यासारख्या दिसतात.

मी विचारलं, भिंतीचं मला सांगितलं का नाहीस?

"सांगत होती ना जाताना. तुमी आकडे लिहून राह्यले होते."

"पण तू हे केलंसच काऊन?"

"भासरेबुवांचा आवाज होता. मले काय तो वितळू द्यायचा होता?" दादाला ती भासरेबुवाच म्हणते. मग माझे हात उलटे करून पाहिले आणि खोबरेल आणायला गेली. मी तिची माफी मागितली. "जेवा आधी," म्हणाली.

पाटाविषयी विचारायचं राहिलं. विचारवलं नाही.

२४ मे

गावी दादाचं वर्षश्राद्ध झालं. वहिनीने स्वतः वाढलं. रुखमावहिनी वर्षात किती वाळली! रेकार्ड बिघडल्याचं तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "जशी असन तशी ऐकन, मुखरूभाऊ." परवा आमच्यासोबत बैलांच्या बंडीने येणार.

मी ठरवलं आहे. रेकार्ड ऐकवायची आणि मग दुपट्ट्याचं सांगून टाकायचं. पाय धरून.

२६ मे

खोलीत आम्ही तिघं. मनकर्णा दाराबाहेरच थांबली होती, मी हात धरून आत आणली. पारा ९९. पाहिला, आणि नळी भिंतीकडे उलटी करून ठेवली.

काटा लावला. आवाज आला — आणि काय सांगू! वर चढतो, खाली बुडतो, पुन्हा चढतो. नागपुरात सरळ सोट गायलेलं गाणं हेलकावे खात होतं. मला मरून जावंसं वाटलं. थांबवायला हात पुढे केला, तर वहिनीने अडवलं. "राहू द्या."

मधला खोकला आला. गाणं संपलं. वहिनी डोळे मिटून बसली होती.

"असेच तर गात," ती म्हणाली. "बंडीत बसले का असेच. चाक खड्ड्यात गेलं का आवाज खाली, निंगालं का वर. सरळ बसून गाताना म्या त्यायले कधी ऐकलंच नाई, भाऊ."

मग म्हणाली, "आनखी एक डाव लावा."

तीनदा लावलं. मला बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि मनकर्णेला चहा ठेवायला सांगितला. भेकड आहे मी. दादाने मला शाळेत घातलं, त्याचा हा उपयोग.

२७ मे

वहिनी सकाळी निघाली. बंडीत चढली, पुन्हा उतरली. गाठोडं सोडून दादाचा दुपट्टा काढला. माझ्या हातात दिला आणि डोक्यावर हात ठेवला.

"हा तुमच्यापाशी राहू द्या. ऊन लय आहे, मुखरूभाऊ. डोक्शाले बांधत जा."

एवढंच. बंडी गेली. मी दुपट्टा घेऊन रस्त्यात उभा. बाकी काही नाही आणि नेमका हाच का दिला? मनकर्णेला विचारलं तर म्हणाली, "त्यायची मर्जी."

२९ मे, रविवार

आज मनकर्णेला आत बसवलं. काटा लावून दिला, दार ओढलं, तरटं भिजवली आणि तिच्या पाटावर टेकून बसलो. पाहावं म्हटलं, तिला काय एवढं ऐकू येत होतं.

सगळं येतं. खोकलासुद्धा. गाणं संपल्यावर आत ती हळूच म्हणाली, "भासरेबुवा, वयनीनं याईले दुपट्टा देल्ला. आता तुमीही राग नोका ठेवू." शब्दन्‌शब्द ऐकू आला. आणि मी तर दर रविवारी आत मोठ्याने बोललो आहे.

दुपट्टा भिजवून डोक्याला बांधला. विहिरीवर जाऊन आणखी दोन गुंड पाणी आणलं.