सतरावी पेटी

बोर्गो सान मारो,
१६ ऑगस्ट २०२४

ती. निवेसताईस, एर्मेसचा शि. सा. न.

फोनवर माझा नाकातला आवाज ऐकून तू रडतेस, म्हणून लिहितोय. ऑपरेशननंतर बरा आहे. वास मात्र गेला. काल तुझ्या भावजयीने, मिरेल्लाने, चीज-बटाट्याचा फ्रिको करपवला, तरी मी मिटक्या मारत खाल्ला.

आता मुद्दा. आमचा खुर्च्यांचा कारखाना इटली सोडून कागदोपत्री ऑस्ट्रियात, तुमच्या क्लागेनफुर्टला चाललाय. यंत्रं इथेच, माणसं इथेच, कंपनी मात्र नव्या नावाने तिकडची! ऐन सुट्टीत फाटकाच्या आतल्या बाजूने नोटीस डकवली. वाचायची कुणी, कुत्र्याने? कामगारांच्या हरकती ३० तारखेपर्यंतच. पुढे इथल्या नोटरीने कंपनी हलवायला दाखला दिला आणि तिकडच्या कोर्टात नोंद झाली, की ती कुणालाच रद्द करता येत नाही. तिथल्या लाकडाच्या भुशाने मला नाकाचा कॅन्सर दिला, त्याच्या भरपाईचा खटला उदिनेत उभा आहे. निकाल लागला तरी बजावायचा कुणावर? पत्ता लिंडेनगासे ११ दिलाय. तिथे खरंच कुणी बसतं का, बघून येशील?

दाजींना नमस्कार. धाकट्यावर माया असू दे.

एर्मेस

क्लागेनफुर्ट, १९ ऑगस्ट

चि. एर्मेस यास, अनेक आशीर्वाद.

बघून यायची गरजच नाही. ते गेर्नोटचं, तुझ्या दाजींचंच, नवं ऑफिस. दोन टेबलं आणि भिंतीवर बावीस पत्रपेट्या. तुझी कंपनी म्हणजे सतरावी पेटी. त्या नव्या नावाची पट्टी जूनमध्ये मीच चिकटवली रे! मला काय ठाऊक?

गेर्नोटला विचारलं. म्हणाला, सगळं कायद्यात बसतं, तुझ्या भावाच्या नाकाशी माझा काय संबंध. मी ताटावरून उठले.

सोबत, तिथे तुझ्या कंपनीचं कुणीच बसत नाही, असं माझं सहीचं निवेदन आणि पेटीचा फोटो. हरकतीला जोड. माझं नाव झाकू नकोस.

जिवाला जप.

निवेस

बोर्गो सान मारो, २३ ऑगस्ट

ती. ताईस, शि. सा. न.

कागद पोचला. दोन दिवस खिशात घेऊन फिरतोय. वकीलबाई म्हणतात, हे वाचल्यावर नोटरीला चौकशी करावीच लागेल. उदिनेचं कोर्ट तिकडच्या न्यायाधीशांना लिहील आणि तुला तिथे उभं राहून साक्ष द्यावी लागेल. दाजींच्या विरुद्ध! तेहतीस वर्षांचा संसार आहे तुझा. मी तो कागद जोडणार नाही. हरकत माझ्या शब्दावर देतो, मग काय व्हायचं ते होवो.

रागावू नकोस.

एर्मेस

क्लागेनफुर्ट, २८ ऑगस्ट

चि. एर्मेस यास,

आधी शिव्या, मग आशीर्वाद. तू असा शहाणपणा करणार हे ओळखूनच निवेदनाची दुसरी प्रत मी तुला लिहिलं त्याच दिवशी थेट नोटरीकडे धाडली होती. आज उत्तर आलं: माझी साक्ष झाल्याशिवाय दाखला मिळणार नाही.

पाकीट गेर्नोटने फोडलं. वाचलं. माळ्यावरची माझी बॅग काढून दाराशी ठेवली.

शनिवारी अकराला उदिनेत उतरते. वकीलबाईंना सांग, सीमेपलीकडे कुणाला लिहायची गरज नाही. साक्षीदार तिथेच, तुझ्या घरी राहील.

तुझी,
ताई